निळा पट्टा

लिफ्ट बंद होती म्हणून ती जिन्यानं निघाली, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला आपला नवरा पळताना दिसला. भर दुपारी, सव्वाबाराच्या सुमाराला, कुणा परक्यांच्या इमारतीत. वरून खाली येत होता तो, दोन-दोन पायऱ्या गाळत, तोंड उघडं टाकून, एका हातानं खांद्यावरची कामाची पिशवी पोटाशी दाबून धरलेली. पाण्याचे मीटर वाचणारा माणूस तो. मीटर असतात तळमजल्याला, जिन्याखालच्या अंधारात, कोळिष्टकांच्या मागे. वर पळत जाऊन वाचावं असं कुठल्याही इमारतीत काही नसतं. तिच्या हातात पुठ्ठ्याची लहान पेटी होती, पेटीत पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मागवलेली कवळी, आणि त्या क्षणी तिला वाटलं की आपण पडणार आहोत आणि कुणा म्हाताऱ्याचे नवेकोरे दात या जिन्यावरून टकटकत थेट रस्त्यापर्यंत जाणार आहेत.

‘अहो!’

तो कठड्याला धरून थांबला. छातीचा भाता हलत होता. ‘तू? तू इथं कशी?’

‘मी कवळी द्यायला आलेय. तुमच्या मागे कोण लागलंय?’

‘कुणी नाही गं. सहज.’

‘सहज? या वयात सहज पळतात माणसं? दुसऱ्यांच्या जिन्यात?’

कपाळाचा घाम पुसायला त्यानं हात वर केला, बाही मागे सरकली आणि मनगटावरचा निळा पट्टा दिसला. रबरी, चिंचोळा, त्याच्या जाड मनगटाला शेवटच्या भोकात कसाबसा बसलेला, मधोमध हिरवा ठिपका लुकलुकणारा. दर रविवारी ती स्वतःच्या हातानं चार्जिंगला लावायची तो पट्टा. लेकीचा, भिंगरीचा, पावलं मोजणारा पट्टा.

‘हा इथं कसा?’

त्यानं बाही खाली ओढली.

‘मी काहीतरी विचारतेय.’

‘तिनं मागितलं गं,’ तो म्हणाला. पुढचं एकेका श्वासामागून आलं. ‘म्हणाली, बाबा, आजचा दिवस तू घाल. मला उठवत नाहीये. बस, एवढंच. मग मी घातला.’

‘आजचा दिवस?’

‘तेव्हा आजचाच दिवस म्हणाली होती.’

‘तेव्हा म्हणजे कधी?’

तो खालच्या पायरीकडे बघत राहिला. ‘पाच आठवडे झाले असतील.’

अठरा वर्षं ती त्याला अहो म्हणत आली होती. भांडतानाही अहो, आजारपणातही अहो. आता तिच्या तोंडून निघालं ते तिलाच परकं वाटलं: ‘अरे, तुला काही लाज? आज चार वाजता शेवटची बैठक आहे तिची! आज त्या बाई तिची फाइल बंद करणार आहेत, बरी झाली म्हणून. तुझ्या पायांवर बरी झाली ती?’ वरच्या मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. तो म्हणाला, ‘हळू बोल,’ आणि त्या दोन शब्दांनी तिचं डोकं असं सणकलं की पुढं एक अक्षर न बोलता ती त्याला ओलांडून वर गेली, पाचव्या मजल्यापर्यंत, ताठ मानेनं. पायऱ्या किती होत्या ते तिला कळलं नाही. पट्ट्याला कळलं असतं.

डॉक्टरांच्या मदतनीस पोरीनं सही घेतली, पाणी विचारलं. ती नको म्हणाली. परत उतरताना जिना रिकामा होता. कठड्यावर त्याच्या ओल्या पंजाचा ठसा तेवढा राहिला होता, आणि तोही ती बघता बघता आटला. पळाला असेल, तिच्या मनात आलं, आता तो खरोखर कुणापासून तरी पळाला असेल. रस्त्यावर ऊन भाजत होतं. टायरच्या दुकानासमोर एक माणूस चाकाला हवा भरत होता आणि हवेचा तो फुसफुसाट तिला स्वतःच्याच कानातून येतोय असं वाटलं. राग म्हणजे डोकं तापतं, असं लोक म्हणतात. तिचा राग तिच्या जबड्यात यायचा. लहानपणापासून तिथंच. खालचे दात वरच्यांवर जाऊन बसायचे आणि मग तास तास सुटायचे नाहीत; बाकीचं शरीर आपापलं काम करत राहायचं, भाकरी थापायचं, बसची रांग धरायचं, कुणाकुणाला हो-हो म्हणायचं. भिंगरीनं हे तिच्याकडून घेतलं होतं. नाक बापाचं, बोटं बापाची, आणि दात खाणं आईचं. वर्षभरापूर्वी, सगळं सुरू व्हायच्या आधी, पोर झोपेत इतके करकर दात खायची की भिंतीपलीकडे ऐकू यावं. तेव्हा तिनंच तिला एका रविवारी आपल्या कवळ्यांच्या कारखान्यात नेलं, खुर्चीत बसवलं, ठसा घेतला, प्लास्टर ओतून साचा केला आणि दातांवर चढवायचं मऊ टोपण बनवून दिलं. तो साचा अजून तिच्या टेबलावर होता. पांढराशुभ्र जबडा, सोळा वर्षांच्या पोरीचा आणि दाढा मात्र चाळिशीच्या बाईसारख्या झिजलेल्या. घरी भिंगरी तोंड उघडायची नाही, ना जेवायला, ना बोलायला. टेबलावर ते तोंड सदोदित उघडं असायचं. लेकीच्या तोंडाशी तिचं जे काही नातं उरलं होतं ते प्लास्टरचं होतं.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, सहा टेबलं, मेणाचा वास, आणि झिलई करणाऱ्या चाकाची दिवसभराची घरघर. तिथला सगळ्यात जुना कारागीर, ज्याला सगळे काका म्हणत, तिला येताना पाहून म्हणाला, ‘काय ताई, डॉक्टरांनी कवळी परत केली की काय? तोंड असं का झालंय?’

‘उन्हातून आले.’

‘उन्हानं असं होत नाही. उन्हानं माणूस लाल होतो. तू पांढरी झालीयस. जरा बस, नाहीतर तुझाच ठसा घ्यावा लागेल मला.’ आणि मग, चाक बंद करून, हलक्या आवाजात: ‘आज शेवटचा दिवस ना भिंगरीचा? पोरगी सुटली एकदाची. तू सांगितलंस ना परवा, एका दिवसात नऊ हजार पावलं! मी तर घरी जाऊन सुनेला सांगितलं, बघ म्हटलं, पोरगी अंथरुणातून उठत नव्हती आणि आता नऊ हजार.’

नऊ हजार. तिनं काकांना सांगितलं होतं, बहिणीला सांगितलं होतं, खालच्या मजल्यावरच्या त्या नाकपुड्या फुगवून चौकशी करणाऱ्या बाईला मुद्दाम थांबवून सांगितलं होतं. एका कागदावर तारखा आखून रोजचे आकडे लिहून तो कागद फ्रिजवर लावला होता, भिंगरीच्या बालपणीच्या चुंबकाखाली. चार हजार दोनशे. साडेपाच हजार. सात. रोज संध्याकाळी दिवा लावावा तशी ती आकडा लिहायची. आणि तो, मीटरवाला, ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाच्या पाण्याचा एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, चहापाण्याला भुलला नाही, तो तिच्या मागे उभा राहून म्हणायचा, ‘छान आहे.’ छान आहे! स्वतःच्याच पायांना छान म्हणत होता. त्याच्या सगळ्या आयुष्यातला हा एकच खोटा मीटर, आणि तो त्यानं लेकीच्या नावावर लावावा? तिनं मेणाचा गोळा हातात घेतला आणि तो इतका दाबला की बोटांच्या फटींतून बाहेर आला. तिला त्या मेणात एकाच वेळी तीन माणसांचे गळे सापडत होते, आणि त्यांतला एक तिचा स्वतःचा होता.

कारण तिला दिसायला हवं होतं. हेच सगळ्यात जास्त जाळत होतं. दाढ हातात घेऊन ती सांगू शकते की हा माणूस डाव्या बाजूनं जेवतो, हा झोपेत दात खातो, या बाईनं सुपारी सोडली त्याला दोन वर्षं झाली. झीज वाचणं हे तिचं पोट. आणि दाराआड ठेवलेले भिंगरीचे बूट, पांढऱ्या तळव्यांचे, धावण्याच्या गटासाठी मुद्दाम घेतलेले, ते ती रोज केर काढताना उचलून बाजूला ठेवत होती. तळवे कोरे होते. पहिले दोन आठवडे मैदानावर धावताना जी काय धूळ लागली होती तेवढीच. पुढे पाच आठवडे, दीड-दोन लाख पावलं, आणि तळवा कोरा! तिनं तो पाहिला नव्हता असं नाही. आत्ता मेण दाबताना तिला स्पष्ट आठवलं की पाहिला होता, उलटा करून पाहिला होता, आणि मनात म्हटलं होतं, किती जपून वापरते बाई पोर.

ती भिंगरी झाली ती उगाच नाही. दहाव्या महिन्यात चालायला लागली आणि मग जमिनीवर म्हणून टेकली नाही. पायाला भिंगरी आहे हिच्या, असं आल्या-गेल्यानं म्हणावं आणि तेच नाव पडावं. तिला पहिली पावलं टाकायला लावताना आई दोन्ही हात धरून एक गाणं म्हणायची, कुणाचं नाही, तिचंच, जिभेवर आलं तसं:

एक पाऊल उन्हाचं,
एक पाऊल मनाचं,
तिसरं पाऊल कुणाचं?

आणि पोर तिसरं पाऊल टाकताना धपकन बसायची आणि खदखदून हसायची, ‘माझं!’ म्हणायची, ‘म’ला ‘ब’ म्हणत. मग कधी थांबलं ते? कुठल्या वारी? आयांना हे विचारतात सगळे, भिंगरीच्या डॉक्टरांनी विचारलं, समुपदेशक बाईंनी विचारलं, सुरुवात कधी झाली आठवतंय का, काही घडलं होतं का. काही घडलं नव्हतं. नळ गळत नाही, पाइप फुटत नाही, आणि एक दिवस टाकीत पाणी नसतं. शाळा अर्धी व्हायला लागली. मग केस विंचरणं गेलं. मग पांघरूण डोक्यावरून. आणि ती? ती प्रत्येक वेळी उत्तर घेऊन हजर. भिंगरी म्हणायची, मला काहीच वाटत नाहीये, आणि पोरीचं वाक्य संपायच्या आत आई म्हणायची, अंघोळ कर, बरं वाटेल. भिंगरी म्हणायची, मी थकलेय, आणि आई म्हणायची, दिवसभर लोळून कुणी थकतं का? दाताच्या कण्या केल्या तिनं, बोल गं बोल म्हणून, आणि पोर बोलायला लागली की तिच्या पहिल्या शब्दावर आपला शब्द नेऊन ठेवला, कवळी बसवावी तसा, घट्ट, जागा न सोडता.

डॉक्टर म्हणाले होते, हे डिप्रेशन आहे, आळस नाही. बोलणं आणि व्यायाम, दोन्ही एकत्र करून बघू. या वयाच्या मुलींसाठी एक गट सुरू होतोय, आठ आठवड्यांचा. आठवड्यातून एकदा खोलीत बसून बोलायचं, तीनदा धावायचं. पहिले दोन आठवडे सगळ्या मुलींनी मैदानावर, पुढं आपापल्या घराजवळ, मनगटाला पट्टा बांधून. भिंगरीनं त्या दोघींची नावं ठेवली होती, बोलायच्या बाई आणि धावायच्या बाई. चार महिन्यांतला तिचा पहिला विनोद. आई इतकी हसली, इतकी हसली, की भिंगरी पुन्हा पांघरुणात गेली.

चाराला दहा मिनिटं असताना ती त्या गटाच्या केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर पोचली. तो आधीच येऊन बसला होता, भिंगरीला घेऊन. पट्टा आता भिंगरीच्या मनगटावर होता, पहिल्या भोकात, आणि तरी सैल. त्याच्या मनगटावर पांढरा वळ होता. आपला गुन्हा एवढ्या ठळकपणे अंगावर मिरवणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली, आणि भिंगरीनं दोघांकडे एकदाच, पटकन पाहिलं. कळलं तिला. पोरीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त कानाखालचं हाड वर आलं. दात बसले.

खोलीत चार खुर्च्या, एक टेबल, कागदी रुमालांचा डबा, आणि आवाज न करणारं घड्याळ. बोलायच्या बाई मऊ होत्या, मऊ आवाज, मऊ शाल, बोलताना समोरच्याच्या गुडघ्याकडे बघायची सवय. धावायच्या बाई खिडकीला टेकून उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी, उन्हानं रापलेल्या. टेबलावरच्या पडद्यावर एक रेघ होती, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी. ‘ही बघा आपली भिंगरी,’ बोलायच्या बाई म्हणाल्या, आणि त्या ‘आपली’नं तिचा जबडा आणखी आवळला. ‘उत्तरांची पत्रकंही बघा. झोप चांगली, भूक चांगली, भीती कमी. आणि बाईंनी नोंदवलेले हृदयाचे ठोके, सांगा ना बाई.’

‘सुरेख आहेत,’ धावायच्या बाई म्हणाल्या. ‘इतकी नेटानं जिने चढणारी मुलगी माझ्याकडे दुसरी नाही. ठोके बरोब्बर वर जातात, बरोब्बर खाली येतात. खरं हृदय आहे धावणाऱ्याचं.’

भिंगरीचा बाबा खोकला.

‘तर मला वाटतं, आपण आज इथं थांबूया,’ बोलायच्या बाई म्हणाल्या. ‘दोन महिन्यांनी एक फोन. तीस मुली वाट बघताहेत या खुर्चीची, म्हणून. आईची एक सही लागेल.’ त्यांनी कागद पुढं सरकवला. त्याच्यावर भिंगरीचं नाव होतं, आणि खाली एका चौकटीत ‘सुधारणा समाधानकारक’.

पेन तिच्या हातात होतं. एक सही, आणि तिची लेक बरी. कागदावर बरी, काकांच्या सुनेच्या लेखी बरी, खालच्या मजल्यावरच्या बाईसमोर बरी. घरी जाताना तिघं काहीतरी गार पितील. कुणी कुणाचं काही काढणार नाही. रात्री तो म्हणेल, मी आहे ना, मी पळेन, मरेपर्यंत पळेन. आणि खरंच पळेल, हा मूर्ख माणूस. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोरीच्या नावानं एकेक इमारत चढत राहील. तिनं भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी पेनाकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत. ती वाट बघत होती, जशी कुणी दार लागायची वाट बघतं.

तिच्या धैर्यानं हे केलं असं ती पुढं कधीच म्हणाली नाही. रागानंच केलं. ‘खरं हृदय’ हे दोन शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखे आडवे झाले होते.

‘हे हृदय तिचं नाही,’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘अठ्ठेचाळीस वर्षांचं आहे ते. तिथं बसलंय बघा, खुर्चीत. ब्लडप्रेशरची गोळी घेतं रोज सकाळी. तुम्ही पाच आठवडे याच्या बापाला बरं करत होता.’ हिच्या म्हणायचं होतं, याच्या निघालं. कुणी हसलं नाही. ‘पाच आठवड्यांत एकदा येऊन बघावंसं नाही वाटलं तुम्हाला, बाई? एकदा? मी आई आहे, मी आंधळी होते, मला आंधळं व्हायचंच होतं. तुम्हाला काय झालं होतं? रेघ वर गेली की झालं?’

धावायच्या बाई खिडकीपासून सुटून पुढं आल्या. त्यांचा चेहरा पडला होता, पण त्यांनी नजर चुकवली नाही. ‘नाही आले,’ त्या म्हणाल्या. ‘यायला हवं होतं.’ बोलायच्या बाईंनी कागद हळूच आपल्याकडे ओढला आणि पहिल्यांदाच कुणाच्या गुडघ्याऐवजी डोळ्यांकडे पाहिलं, भिंगरीच्या. ‘तुला काय वाटतंय आत्ता?’ त्यांनी विचारलं.

भिंगरी उभी राहिली. पट्टा काढायला तिला बक्कल लागलंच नाही, हातातून तसाच ओढला आणि टेबलावर टाकला. ‘तुम्हाला सगळ्यांना बरं वाटायला पाहिजे ना?’ ती म्हणाली. आवाज घोगरा, वापर नसल्यासारखा. ‘वाटून घ्या की. मला कशाला मध्ये आणता?’ आणि ती निघाली. खुर्ची पडली. जिन्यावर पावलं वाजली, धडाधड, खाली.

तो उठला. ‘तू बस!’ ती त्याच्यावर ओरडली. ‘सांग यांना सगळं. पहिल्या दिवसापासून.’ आणि ती धावली.

रस्त्यावर गर्दी सुटली होती, शाळा सुटलेली, कार्यालयं सुटायची होती. भिंगरी बरीच पुढं गेली होती. ती पळत नव्हती, पण असं चालत होती की समोरचे लोक आपोआप बाजूला होत होते. झेरॉक्सचं दुकान, चष्म्याचं दुकान, पाइपांचे ढीग. ‘थांब!’ आई ओरडली. थांबणार कशी. चपलेचा अंगठा निसटत होता, पिशवी मांडीवर आपटत होती, आणि इतकी वर्षं बसून कवळ्या घासणारे तिचे पाय तिला म्हणत होते की बाई, तू कोण, आम्ही तुला ओळखत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर तिनं भिंगरीला गाठलं. गाठलं म्हणजे दोन हातांवर आली. भिंगरीनं मागं न बघता बोलायला सुरुवात केली, जणू आई तिथं आहे हे तिला पाठीनं कळलं होतं.

‘मैदानावर मी पळाले होते,’ ती म्हणाली. ‘खरंच पळाले होते. पहिले दोन आठवडे.’

‘मग का...’ आईनं सुरुवात केली आणि हवा संपली. छातीत काहीतरी खरवडलं. शब्द आला नाही.

‘बरं वाटलं होतं. थोडंसं. कुणाला सांगणार नव्हते मी. मलाच ठेवायचं होतं ते.’ पुलावरून ट्रक गेला, पूल हादरला, भिंगरीनं आवाज चढवला. ‘तू फ्रिजवर लावलंस! मावशीला फोन. खालच्या बाईला. चार हजार दोनशे. दुसऱ्या दिवशी मला उठवत नव्हतं, फ्रिजपर्यंत गेले पाणी प्यायला आणि तिथं ते. त्याच्या खाली रिकामी चौकट. उद्याची. परवाची. तू आखून ठेवल्या होत्यास, पट्टी घेऊन!’

आईनं तोंड उघडलं. तिच्याकडे उत्तर होतं. तिच्याकडे नेहमीच उत्तर असायचं, आत्ताही जिभेवर होतं, मी तर कौतुक म्हणून, मला काय माहीत, तू सांगायचंस ना. पण श्वास एकच होता आणि तो पायांना हवा होता. धापेनं उत्तर गिळलं. भिंगरी थांबली जराशी, रोजच्या सवयीनं, आईच्या शब्दासाठी जागा सोडून. शब्द आला नाही. मग ती पुढं बोलली, आणि हे बोलताना तिची चाल थोडी अडखळली.

‘आकडा कमी आला की तुझं तोंड उतरतं. तुला नाही कळत, मला कळतं. बाबाचं नाही उतरत. म्हणून त्याला दिला. त्याला वाटत होतं तो माझ्यासाठी करतोय. मी तुझ्यासाठी करत होते.’ पूल उतरणीला लागला. ‘आणि मग सगळे खूश. मी पलंगावर आणि सगळे खूश. मला वाटायचं, म्हणजे मी नसले तरी चालतंय. माझ्याशिवाय मी बरी होतेय. कधी कधी वाटायचं, मग नसावंच. बाईंनी त्या पत्रकात विचारलं होतं, असे विचार येतात का. मी नाही लिहिलं. रेघ खाली आली असती ना.’

आईच्या कानात रक्त वाजत होतं. तिला किंचाळायचं होतं, असं बोलू नकोस, असं बोलायचं नसतं, माझी शपथ आहे तुला. फुप्फुसं आगीत घातल्यासारखी झाली होती, बरगडीखाली सुरी चालत होती, आणि त्या सुरीनं तिची जीभ जागेवर खिळवून ठेवली. हात तेवढा मोकळा होता. तिनं तो पुढं केला आणि भिंगरीच्या शर्टाचं टोक पकडलं, लहानपणी भिंगरी तिच्या पदराचं पकडायची तसं. भिंगरीनं सोडवलं नाही. दोघी तशाच चालत राहिल्या, पुढची ओढत, मागची ओढली जात, पुलाखालून वळून, गॅरेजच्या मागच्या गल्लीनं. भिंगरी बोलत होती. घरातल्या छतावरचा एक डाग, जो ती दिवसभर बघायची. शाळेतल्या एका मुलीनं तिला ‘कुलूप’ म्हटलं होतं. बोलायच्या बाईंची शाल, जिला कापराचा वास येतो आणि त्या वासानं काहीच आठवेनासं होतं. काही वाक्यं ती दोनदा म्हणाली, काही अर्धीच. काही शिव्या दिल्या, आईला माहीत नसलेल्या. गल्लीच्या टोकाला पंपहाऊसची भिंत होती, तिथं आईचे पाय अखेर संपले आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

‘नाकानं घे,’ भिंगरी म्हणाली, चिडूनच. ‘तोंडानं सोड. धावायच्या बाई सांगतात. असा तोंडानं घेतलास तर मरशील इथंच.’

आईनं नाकानं घेतला. मेणाचा वास आला, स्वतःच्या हातांचा.

‘अजून एकदा.’

समोर पाहिलं तर केंद्राचं दार. फिरून फिरून तिथंच आल्या होत्या दोघी. वरच्या खिडकीत दिवा होता. भिंगरीनं खिडकीकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या आपल्या शर्टाच्या टोकाकडे.

‘मी वर जाते,’ ती म्हणाली. ‘त्यांना सांगायचंय मला. जे लिहिलं नाही ते. तू आत यायचं नाहीस.’

आईनं मान हलवली.

‘दारातही नाही.’

आईनं शर्ट सोडला. भिंगरी पायऱ्या चढायला लागली, एक, मग दुसरी. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय जरासा रेंगाळला आणि पडला. आईनं मोजायचं नाही असं ठरवलं, आणि पावलं कानांवर येत राहिली, मोजणी नसलेली, जड, कुणाच्या उसनवारीची नव्हेत अशी. मग दार उघडल्याचा आवाज. खुर्ची सरकल्याचा. आणि मग भिंगरीचा आवाज, वरच्या पट्टीत, रागानं थरथरता, खोलीच्या भिंतींवर आपटत खाली येणारा. कित्येक महिने पांघरुणात दाबलेला तो आवाज आता जिन्यात मावत नव्हता.

ती अर्धा जिना चढली आणि मधल्या वळणावर पायरीवर बसली. राग गेला नव्हता. जबडा अजून घट्ट होता, आणि त्यात आज काय काय अडकलं होतं ते सुटायला आठवडे लागणार होते. वरून तो उतरून आला, भिंगरीचा बाबा. त्याला बाहेर काढलं होतं. पांढऱ्या वळाचा हात मांडीवर ठेवून तो तिच्या शेजारी बसला. घसा साफ करून म्हणाला, ‘मला वाटलं होतं की आपण...’

‘गप्प बस रे,’ ती म्हणाली. ‘ऐकू दे.’